टिळकवाडीतील डिजिटल सिस्टम डिझाइनचा क्लास: एका सत्रानंतरचा अभिप्राय

इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या सत्रात डिजिटल सिस्टम डिझाइन हा ० आणि १ वर चालणारी सर्किट रचण्याचा विषय आला, तेव्हा माझ्यासारख्या खानापूर तालुक्यातून, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलांची मोठी अडचण झाली. वर्गात इंग्रजी, वसतिगृहात कन्नड आणि डोक्यात मराठी अशी स्थिती होती. त्यातच प्रयोगशाळेत चार जणांत एक किट मिळे. आकृतीत दाखवल्याप्रमाणे वायरी जोडायच्या, दिवा लागला की जर्नलवर सही घ्यायची, एवढ्यावर तास संपत असे. म्हणून बेळगावच्या टिळकवाडीत एक सर स्वतःच्या घराच्या माडीवर शनिवारी आणि रविवारी घेतात, तो क्लास मी लावला. सत्र संपल्यावर, पुढच्या तुकडीच्या उपयोगाला यावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

सरांनी अनेक वर्षे उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलची कामे केली आहेत आणि ते शिकवण्यात पहिल्या दिवसापासून दिसते. त्यांनी गेटची (० आणि १ वर अँड, ऑर अशा क्रिया करणाऱ्या सर्किटांची) चिन्हे फळ्यावर काढण्याआधी टेबलावर दोन रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे स्विच, ठेवले. दोघांचे संपर्क एकापुढे एक जोडले की अँड, समांतर जोडले की ऑर, हे दिवा लावून दाखवले आणि मग सांगितले, की क्लॉड शॅनन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात रिलेच्या जोडण्यांना बूलचे (फक्त खरे आणि खोटे, म्हणजे १ आणि ०, मानणारे) बीजगणित लावले, तेथूनच हा सगळा विषय उभा राहिला. ‘इलेक्ट्रिकलवाल्यांना हा विषय कशाला’ हा आमच्या वर्गात नेहमी ऐकू येणारा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशी मिटला.

के-मॅपचेही, म्हणजे तर्काची सूत्रे सोपी करण्याच्या चौकोनी तक्त्याचेही, तसेच. रकाने ००, ०१, ११, १० या क्रमाने का लिहायचे, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. मी ते पाठ केले होते. सरांनी वहीचे पान फाडून त्यावर मॅप काढला, त्याची नळी केली आणि पहिला व शेवटचा रकाना एकमेकांना चिकटवून दाखवले, की शेजारी म्हणजे ज्यांच्यात एकाच बिटाचा फरक आहे ते. त्यानंतर कडेच्या चौकोनांचे गट करताना माझी चूक झालेली नाही.

या क्लासची खरी ताकद मात्र ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी नुसत्या खोचून सर्किट जोडण्याच्या पाटीवर, आहे. प्रत्येकाला स्वतःचा बोर्ड आणि स्वतःच्या आयसी (चिप) घ्याव्या लागतात आणि कागदावर केलेली प्रत्येक रचना जोडून दाखवावी लागते. चार फ्लिप-फ्लॉपचा (प्रत्येकी एक बिट लक्षात ठेवणाऱ्या सर्किटांचा) काउंटर, म्हणजे ठोके मोजणारे सर्किट, जोडताना मी ७४७६ या आयसीच्या १६व्या पिनला पाच व्होल्ट आणि आठव्या पिनला ग्राउंड दिले, कारण बहुतेक सोळा पिनांच्या आयसींना ते तसेच असते. काहीच हलेना. आयसी खराब आहे असे समजून मी दोनदा बदलली. सर अर्धा तास काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी फक्त डेटाशीट (आयसीचे माहितीपत्रक) पुढे सरकवली. ७४७६ मध्ये पुरवठा पाचव्या पिनला आणि ग्राउंड तेराव्या पिनला असते. डेटाशीट आधी वाचायची, ही सवय मला त्या अर्ध्या तासाने लावली.

तोच काउंटर दहाचा केल्यावर दुसरी अडचण आली. बटण एकदा दाबले तरी आकडा तीनवरून थेट सहावर जाई. बटणातील धातूची पाती काही मिलिसेकंद थरथरते आणि फ्लिप-फ्लॉप त्यातील प्रत्येक थरथर क्लॉकचा ठोका म्हणून मोजतो, हे सरांनी समजावले. मग दोन बाजूंना संपर्क असलेला स्विच घेऊन, दोन नँड गेटचा लॅच (शेवटची स्थिती धरून ठेवणारी जोडणी) करून आम्ही ती थरथर काउंटरपर्यंत पोहोचणे बंद केले. आमच्या प्रयोगशाळेत क्लॉक किटमधूनच तयार मिळत असल्याने हा दोष आम्हाला तेथे कधी दिसलाच नव्हता.

उणीव व्हेरिलॉगची, म्हणजे सर्किटचे वर्णन लिहिण्याच्या संगणकीय भाषेची, आहे आणि ती लहान नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत, एकाच लॅपटॉपभोवती बसून तो भाग उरकला गेला. ब्लॉकिंग (एकामागून एक लागू होणाऱ्या) आणि नॉन-ब्लॉकिंग (एकाच वेळी लागू होणाऱ्या) असाइनमेंटमधला फरक एका वाक्यात सांगितला. परिणामी दर ठोक्याला बिट एकेक टप्पा पुढे सरकवणाऱ्या माझ्या तीन टप्प्यांच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये आत आलेला बिट एकाच ठोक्यात शेवटच्या टप्प्याला पोहोचू लागला आणि कारण शोधण्यात माझे दोन दिवस गेले. आयकेरस व्हेरिलॉग हे मोफत सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर घालून घरी सराव केला, तरच हा भाग सुटतो. ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांच्यासाठी सरांनी काही सोय करायला हवी, असे मला मनापासून वाटते.

विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका येथे सोडवून दिल्या जात नाहीत. केवळ तेवढ्यासाठी येणाऱ्यांची निराशा होईल. मी मात्र पाचही मॉड्यूलचे प्रश्न स्वतः सोडवू शकलो. शुल्क साडेचार हजार रुपये असून बोर्ड आणि आयसींचा खर्च वेगळा पडतो. रविवारची तुकडी अनेकदा उशिरापर्यंत चालते, त्यामुळे खानापूरकडच्या मुलांनी शनिवारची तुकडी मागून घ्यावी. मी तिसऱ्या आठवड्यात मागितली तेव्हा सरांनी लगेच दिली.