‘गॅरंटीड’ लीश ट्रेनिंगच्या नावाखाली झालेली फसवणूक

‘21 दिवसांत कुत्रं ओढायचं बंद, नाहीतर पैसे परत’ अशी लीश ट्रेनिंगची, म्हणजे कुत्र्याला दोरी न ओढता चालायला शिकवण्याची, जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली असेल आणि घरात दांडगं, तरुण कुत्रं असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्ही पुण्यात राहतो. या जाहिरातीपायी आमचे 25,000 रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे आमच्या हरणीच्या मानेला जखमा झाल्या आणि दोरी दिसली की ती पलंगाखाली जाऊन बसायला लागली.

आमची कुत्री हरणी कारवानी जातीची. सोलापूरकडे मामांच्या शेतावर जन्मली, तिथून आमच्याकडे आली. ही जात वासावर नाही, नजरेवर शिकार करते. माळावर ससा उठला की त्याच्यामागे सुटायचं, हेच तिच्या पिढ्यान् पिढ्यांचं काम. सोसायटीत ससा नाही, पण खार आहे, मांजर आहे, वाऱ्यावर उडणारी पिशवी आहे. काहीही हललं की ती सगळा जोर लावून झेपावायची. तिला फिरवताना सासूबाई गेटजवळ पडल्या, मनगट मुरगळलं, तेव्हा घरात सगळ्यांनीच ठरवलं की आता ट्रेनर लावायचा.

जाहिरातीतला माणूस डेमो द्यायला घरी आला. त्याने आमचा पट्टा काढून स्वतःची बारीक दोरी हरणीच्या कानांमागे, अगदी वरच्या बाजूला घट्ट बसवली आणि दोन-तीन हिसके दिले. थोड्याच वेळात ती त्याच्या पायाला पाय लावून चालायला लागली. शेपूट पोटाशी, कान मागे, सारखी ओठ चाटत होती. ‘बघा, आता तिला समजतंय,’ तो म्हणाला. तिला समजत नव्हतं, ती घाबरली होती. शेपूट आत घेणं, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं ही कुत्र्याच्या भीतीची लक्षणं आहेत, हे पुढे आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. पाच-दहा मिनिटांत चमत्कार दाखवणारा डेमो बघाल तेव्हा कुत्र्याच्या चालीकडे बघू नका, शेपटीकडे बघा.

मग पॅकेज. कुत्रं 21 दिवस त्यांच्या सेंटरवर राहणार, सगळे पैसे आधी, यूपीआयने, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. पावती ‘नंतर देतो’. भेटायला यायचं नाही, कारण ‘मालक दिसला की कुत्र्याचं लक्ष उडतं’. भिंतीवर ‘शासनमान्य प्रशिक्षक’ असं सर्टिफिकेट असल्याचा फोटो त्याने पाठवला. कुत्र्यांना शिकवायचा धंदा काढायला आपल्याकडे कायद्याने परवानाच लागत नाही. त्यामुळे कुणी ‘शासनमान्य’ म्हणालं, तर तिथेच बोलणं थांबवा.

रोज एक छोटा व्हिडिओ यायचा. हरणी छान चालतेय, दोरी सैल. माझ्या मुलीने ते सगळे ओळीने लावून पाहिले तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकात त्या माणसाचा शर्ट तोच, भिंतीवरची उन्हाची तिरीपही तीच. एका बैठकीत काढलेले व्हिडिओ आम्हाला रोज एकेक करून पाठवले जात होते.

हरणी परत आली ती गळ्यात रंगीत रुमाल बांधून. आमच्यासमोर त्याने तिला फिरवलं, ती सरळ चालली, तो निघून गेला. रुमाल सोडला तर खाली काटेरी पट्टा. ओढलं की लोखंडी दाते मानेत रुततात, तसला. केस गेलेले, कातडीला भोकं, एका ठिकाणी पू. डॉक्टर म्हणाले, या जातीची कातडी पातळ, खाली चरबी नावालाच आणि मान लांब. असला पट्टा कोणत्याच कुत्र्याला घालू नये, कारवानीला तर मुळीच नाही.

पट्टा काढल्यावर ओढणं पुन्हा सुरू, आता वर भीतीही. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘पट्टा कधीच काढायचा नसतो. नाहीतर अ‍ॅडव्हान्स कोर्स घ्या. हे गावठी रक्त आहे, टोचल्याशिवाय ऐकत नाही.’ पैशांचं दुःख कमी होईल, हे वाक्य मी विसरणार नाही. ज्या जातीवर टपाल खात्याने 2005 साली मुधोळ हाउंड या नावाने तिकीट काढलं, जिला लष्कराने प्रशिक्षणासाठी निवडलं, तिच्याबद्दल हे बोलणं! ‘पैसे परत’चा विषय काढल्यावर आमचा नंबर ब्लॉक झाला.

खरी लबाडी काट्यांच्याही आधीची आहे. दोरी सैल ठेवून चालणं हे कुत्र्याने एकट्याने शिकायचं कामच नाही. कुत्रं ओढतं कारण ओढलं की पुढे जायला मिळतं. ते जायला मिळू द्यायचं की नाही, हे दोरी धरणाऱ्या हातावर आहे. शिवाय एका जागी, एका माणसाबरोबर शिकलेली गोष्ट कुत्रं दुसऱ्या रस्त्यावर दुसऱ्या माणसाबरोबर आपोआप वापरत नाही. म्हणून कुत्रं घेऊन जाऊन, मालकाला लांब ठेवून ‘शिकवून परत देतो’ म्हणणारा माणूस जे विकतो, ते त्याला विकताच येत नाही.

आता ज्या बाई आम्हाला शिकवतात त्यांनी पहिल्या दिवशी कुत्र्याला हातही लावला नाही, दोरी सासूबाईंच्या हातात दिली. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस (मानेऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा), साधी सहा फुटी दोरी. लांबत जाणारी गुंडाळीची दोरी बंद, कारण ती कुत्र्याला ओढायलाच शिकवते. हरणीचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा गळपट्टा मागे सरकली की निघून येतो, म्हणून सोबत ओढल्यावर थोडाच आवळणारा रुंद कापडी पट्टा. सुरुवात घरातल्या पॅसेजमध्ये, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये, शेवटी रस्त्यावर. दोरी ताणली की जागच्या जागी उभं राहायचं, सैल झाली की लगेच पुढे. आपल्या पायापाशी आली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, तोही आपल्या मांडीजवळच द्यायचा. खार दिसली आणि हरणीने झेप न घेता आपल्याकडे पाहिलं, तर दोन तुकडे. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. आणि आधी तिला कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत मनसोक्त पळू द्यायचं. धावायला जन्मलेल्या जनावराची रग चालण्याने जिरत नाही. सुरुवातीला अर्ध्या तासात आम्ही सोसायटीचं गेटही गाठत नव्हतो. हे सावकाश होतं, आणि सावकाशच होतं. याची गॅरंटी त्या बाईंनी दिली नाही, म्हणूनच मला त्या पटल्या.

ट्रेनर ठरवताना विचारा: कुत्र्याने चूक केली तर तुम्ही नेमकं काय करता? गळ्यात काय घालता? प्रत्येक सेशनला मी समोर असेन का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं तर पुढचं ऐकूही नका. विजेचा झटका देणारा पट्टा सुचवला, तरीही नाही. वेल्समध्ये त्याच्या वापरावर 2010 पासूनच बंदी आहे. आपल्याकडे प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्धचा कायदा 1960 चा, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 50 रुपये. एवढ्या दंडाला असली माणसं घाबरत नाहीत.

ग्राहक कायद्याची वाट मात्र उघडी आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. पावती नसली तरी यूपीआयची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडता येतं. आम्ही जखमांचे तारखेसह फोटो आणि डॉक्टरांचं पत्रही जोडलं आहे. निकाल यायचा आहे. तुमच्याबाबतीत असं घडलं असेल तर चॅट पुसू नका, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करा.