‘उसागी ड्रॉप’: पहिले चार खंड घ्याच, पाचवा विचार करून

आजोबांच्या अंत्यविधीला गेलेल्या तिशीतल्या, अविवाहित दाइकिचीला तिथे सहा वर्षांची रिन दिसते. ती आजोबांचीच मुलगी, म्हणजे आईची सावत्र बहीण. नात्याने त्याची मावशी! तिला संस्थेत ठेवायची भाषा नातेवाईक करू लागतात, तेव्हा तो संतापून तिला घरी घेऊन येतो.

युमी उनिता यांच्या या मांगाचा (जपानी चित्रकथामालिकेचा) जीव आहे तो पुढच्या तारांबळीत. घाईत मिळालेलं पाळणाघर सोयीचं नाही, त्यामुळे रोज गाडीची गर्दी आणि धावाधाव. विक्री विभागात ओव्हरटाइम चुकत नाही, म्हणून रात्री रिनच एकटी उरलेली. शेवटी दाइकिची स्वतःहून डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवणाऱ्या विभागात, बदली मागतो. बढतीच्या वाटेवरच्या माणसाला हे किती जड जातं, ते उनिता एकही भाषण न देता दाखवतात. रिन अंथरूण ओलं करते आणि ‘घाम आलाय’ म्हणते, तो प्रसंग तर फार हळुवार आहे. ओरडून काही होणार नाही, आजोबांनंतर मरणाची धास्ती तिच्या मनात बसली आहे, हे दाइकिचीला हळूहळू उमगतं. दप्तराची खरेदी, पडलेला दात, तापाची रात्र हे सगळं याच बारकाईने येतं.

चित्रं मोकळी, मागची दृश्यं मोजकी. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची. चौकटीतला वर उजवीकडचा संवादाचा फुगा आधी.

पाचव्या खंडात कथा थेट दहा वर्षं पुढे उडी मारते. रिन हायस्कूलमध्ये, दाइकिची चाळिशीत. ज्या रोजच्या खस्तांतून नातं घडत होतं, त्याच गळतात आणि प्रेमप्रकरणांचा गुंता उरतो. (पुढे शेवट उघड केला आहे.) नवव्या खंडात दोघांमध्ये रक्ताचं नातं नसल्याचं सांगून लेखिका त्यांना लग्नाकडे नेते. वाढवणाऱ्या माणसाशीच लग्न! आधीच्या प्रत्येक पानावर कमावलेला विश्वास इथे मोडतो. रक्त वेगळं निघालं म्हणून बापपण पुसलं जात नाही, आणि हे या मांगानेच आपल्याला शिकवलेलं असतं.

मूळ कथा नऊ खंडांत संपते. दहाव्यात पूरक कथा आहेत. इंग्रजी आवृत्ती येन प्रेसची, नाव ‘बनी ड्रॉप’. प्रॉडक्शन आय.जी.ची २०११ची ११ भागांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका रिनच्या बालपणातच थांबते, त्यामुळे मुलांसोबत निर्धास्त बघता येते.