घरगुती बेकिंगसाठी स्टँड मिक्सर: दीड वर्षाच्या वापरानंतर

घरातूनच केक आणि ब्रेड करून विकणाऱ्यांनी स्टँड मिक्सर (ओट्यावर ठेवायचे, हाताने न धरता मिश्रण फेटणारे यंत्र) घ्यावा का, याचे उत्तर बहुधा केकच्या पोतावरून दिले जाते. मी ते घराच्या वेळापत्रकावरून देते आहे, कारण दीड वर्षापूर्वी ४.८ लिटर भांड्याचा हा मिक्सर मी घेतला तो केक अधिक हलका व्हावा म्हणून नव्हे, तर ऐन संध्याकाळी माझे दोन्ही हात अडकून पडत होते म्हणून.

लोणी आणि साखर एकत्र फेटून फिकट व हलकी व्हायला पाच ते सात मिनिटे लागतात, आणि हँड मिक्सर असला तरी तेवढा वेळ तो धरून उभे राहावेच लागते. मुलगी वही घेऊन शेजारी यायची आणि मी तिला ‘थांब जरा’ म्हणायचे. दिवसभरात हे किती वेळा म्हटले जात होते, ते मिक्सर आल्यावरच माझ्या ध्यानात आले. आता १८ ते २० अंशांवर आलेले लोणी भांड्यात घालून यंत्र सुरू केले की मी तिच्याजवळ बसून गणिते तपासते आणि मध्ये एकदाच उठून भांड्याच्या कडा खरवडते. ब्रेडचे पीठ तर यंत्राला लावायचा मळणीचा हुक दहा मिनिटांत मळून देतो. ते झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, की ४ अंशांच्या आसपास यीस्टचे काम मंदावते आणि भाजण्याचे काम सकाळवर टाकून रात्री सगळ्यांबरोबर निवांत जेवता येते.

बीटर, म्हणजे यंत्राचे फेटायचे पाते, स्वतःभोवती एका दिशेने आणि भांड्यात उलट दिशेने फिरत असल्यामुळे मिश्रण सगळीकडून ढवळले जाते, असे कागदावर तरी असते. माझ्या यंत्रात बीटर आणि तळ यांमधले अंतर जास्त होते, तळाशी कोरडा मैदा राहत होता, आणि त्यापायी एक ऑर्डर रात्री अकरा वाजता पुन्हा करावी लागली. हे अंतर मानेजवळच्या स्क्रूने कमी करता येते, ही गोष्ट मला विकताना कुणीही सांगितली नव्हती. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरही भिस्त ठेवू नये, कारण तो यंत्र किती वीज घेते हे सांगतो, घट्ट पीठ किती ताकदीने मळते हे नव्हे.

खरी तक्रार आवाजाची आहे. अंड्याचा पांढरा भाग फेटताना वेग वाढवला, की दार लावूनही आवाज झोपायच्या खोलीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे मरँगची (साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची) कामे मी रात्री आठच्या आत उरकते आणि तेवढ्याच ऑर्डर घेते. यंत्र जड आहे, रोज कपाटातून काढता येत नाही, म्हणून ओट्याचा एक कोपरा घरच्या स्वयंपाकाला कायमचा मुकला आहे. दुसरे भांडे मात्र मी आवर्जून घ्यायला सांगेन, कारण तुपकट राहिलेल्या भांड्यात अंड्याचा पांढरा भाग फुलत नाही आणि घाईत धुतलेले भांडे बहुधा तसेच राहते.

आठवड्याला एक-दोनच केक होत असतील, तर हँड मिक्सर पुरेसा आहे. त्याहून अधिक होत असतील आणि घरात लहान मूल असेल, तर विकत घेण्यापूर्वी दुकानातच यंत्र सर्वांत वरच्या वेगावर चालवून ऐकावे.