डाळ मिलमधलं सुरक्षा प्रशिक्षण : दुसऱ्या दिवसाचे साडेतीन स्टार

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मी हिशेब, हजेरी, पीएफ आणि शेठ ज्याला हात लावत नाहीत अशी सगळी कागदं सांभाळते. आमची डाळ घेणाऱ्या एका पार्टीच्या ऑडिटवाल्याने सुरक्षा प्रशिक्षणाचं रजिस्टर मागितलं, ते नव्हतं, म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेच्या लोकांना बोलावलं. कामगारांच्या काळजीपोटी बोलावलं असं लिहिलं तर आमच्याच मिलमधले हसतील. दोन दिवस, चाळीस माणसं, जीएसटी धरून २१,२४० रुपये. चहा आणि वरण-बट्टी आपली.

पहिल्या दिवशीचे सर तरुण, टाय लावलेले. मे महिना, पत्र्याची शेड, भर दुपार, आणि यांनी पडदा लावून लॅपटॉप सुरू केला. चित्रं सगळी केमिकल कारखान्यांची आणि फोर्कलिफ्टची. आमच्याकडे पोतं हमालाच्या पाठीवरून जातं. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. चोपड्याकडची पावरा आदिवासी पोरं आणि निवडणीच्या बाया, दोघांच्याही डोक्यावरून गेलं.

त्या दिवसातली एकच गोष्ट कामाची निघाली. भोपाळची वायुगळती झाली १९८४ साली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १११-अ आलं. कामाच्या जागी कसला धोका आहे ते विचारणं आणि प्रशिक्षण मिळवणं हा कामगाराचा हक्क, असं त्यात होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे). हे ऐकून पारोळ्याकडचा एक हमाल उभा राहिला, "आनि शेठनी नही दिधं तं?" शेठ मोबाइलमध्ये बघायला लागले. निरीक्षकाकडे थेट तक्रार करता येते, हे उत्तर त्याच कलमात होतं. सरांनी ते सांगितलं, पण आवाज जरा उतरवून.

तेवढ्यात निवडणीतली एक बाई घेरी येऊन खाली बसली. सर गोंधळले. मागे खुर्चीवर गप्प बसलेले त्यांचे दुसरे माणूस, साठीच्या आसपासचे काका, उठले. तिला बाहेर लिंबाखाली नेलं, मानेला आणि काखेत ओली फडकी लावली, पंखा तिच्याकडे वळवला, शुद्धीवर आहे बघूनच ओआरएस घोट घोट पाजलं. "अंग तापलं आणि माणूस बरळायला लागला तर पाणी पाजत बसू नका, थेट दवाखाना," एवढं बोलून परत जाऊन बसले. उन्हाच्या त्रासावर पडद्यावर एकही चित्र नव्हतं. जळगावात!

दुसरा दिवस या काकांचा. यांचं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेलं, त्यामुळे पट्टा, पुली, धूळ हे सगळं यांना माहेरचं. पडदा त्यांनी गुंडाळूनच ठेवला. एलेव्हेटर (पट्ट्यावरच्या बकेटांनी धान्य वर चढवणारं मशीन) चोक झाला की तुम्ही काय करता ते सांगू नका, करून दाखवा म्हणाले. आमच्या ऑपरेटरने नेहमीप्रमाणे बटण बंद केलं, खालचं झाकण उघडलं आणि हात आत घालणार, तोच काकांनी त्याचं मनगट धरून त्याला बाजूला ओढलं आणि पॅनेलपाशी उभ्या केलेल्या पोराला खूण केली. पोराने बटण दाबलं. बकेट सर्रकन फिरली. शेडमध्ये कोणी बोलेना.

मग समजावून सांगितलं. बटण बंद म्हणजे मशीन बंद नव्हे. मेन स्विच पाडायचा, त्याच्या दांड्याला कुलूप घालायचं, आणि ज्याचा हात आत, चावी त्याच्याच खिशात. दोघं काम करत असतील तर कुलपं दोन. कुलपाला नावाची पाटी. शिवाय वीज पाडली तरी भरलेल्या बकेटच्या वजनाने पट्टा उलटा फिरू शकतो, म्हणून आधी पट्टा अडकवून घ्यायचा. ही शेवटची गोष्ट आमच्या फिटरलाही नवी होती. दुसऱ्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून लाल कुलपं आणली. प्रशिक्षणाच्या बिलापुढे तो खर्च काहीच नाही.

चालू मशीनच्या पट्ट्या-पुल्यांची सफाई किंवा तेलपाणी बाईने करू नये असं त्याच कारखाने कायद्याच्या कलम २२ मध्ये होतं, तेही त्यांनी सांगितलं. आमच्या बाया पदर खोचून तेच करत होत्या. बंद झालं ते बरंच झालं. पण पुरुषाला काय दोन हात जास्तीचे असतात? काका हसले, म्हणाले, "ताई, त्यालाही तंग कपडे आणि वेगळं शिक्षण असल्याशिवाय परवानगी नाही."

आग विझवण्याचा सराव छान झाला. पिन काढून, बुडाशी नेम धरून, डावी-उजवीकडे फिरवत. प्रत्येक बाईने सिलिंडर हातात धरला आणि तो काही सेकंदांतच रिकामा होतो हे बघून सगळ्यांचं तोंड उतरलं.

आता तक्रारी. डाळीची बारीक धूळ तुळयांवर साचते, ती बंद जागेत हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली की भडका होतो. एलेव्हेटरला वेल्डिंग करण्याआधी आतली धूळ काढलीच पाहिजे. यावर काका जेमतेम दहा मिनिटं बोलले, आमच्यासारख्या ठिकाणी तासभर हवा होता. त्याहून मोठी गोष्ट गोडाऊनमधल्या गोळ्यांची. किडीसाठी थप्पीला ताडपत्री घालून ॲल्युमिनियम फॉस्फाइड ठेवतात, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, आणि आमचे हमाल गारव्याला त्याच गोडाऊनमध्ये झोपायला जातात. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "तो कोर्स वेगळा, त्याचे पैसे वेगळे." निदान 'तिथे झोपू नका' एवढं तरी फुकट सांगायला हरकत नव्हती. ते मग मीच सांगितलं आणि गोडाऊनची चावी ऑफिसात आणून ठेवली.

परीक्षा म्हणजे तमाशा. पर्यायी उत्तरांचा छापील कागद, तोही इंग्रजीत, आणि यांचाच पोऱ्या "दुसऱ्याला ब, तिसऱ्याला क" असं मोठ्याने सांगत फिरत होता. सगळे पास. लॅमिनेशन केलेल्या सर्टिफिकिटांवर निम्मी नावं चुकली, ती दुरुस्त करून घ्यायला मला आठवडाभर फोन करावे लागले. कुलूप लावून दाखव, सिलिंडर चालवून दाखव, अशी परीक्षा घेतली असती तर ती पावरा पोरं पहिल्या नंबरने पास झाली असती. ऑडिटवाल्याने मात्र सर्टिफिकिटंच पाहिली, कुलपं नाही.

बोलवणार असाल तर काकांचेच दोन्ही दिवस मागा. पहिला दिवस वगळला तर पैसे कमी होतील का, हे मी विचारून झालंय, होत नाहीत. आम्ही पुढच्या खेपेला जुलै-ऑगस्ट धरणार. तूर-हरभऱ्याची आवक ओसरलेली असते, मशीन उभी असतात आणि उघडून बघायला वेळ मिळतो.