हजार किलोमीटरला सहाशे मिली: ऑईल पिणाऱ्या टर्बो पेट्रोलसोबत दीड वर्ष, नागपूर

आधीच सांगतो, गाडीचं अन कंपनीचं नाव लिहिणार नाही, तक्रार अजून चालू आहे आणि मला उगाच नोटीस-बिटीस नको. एवढं समजा की एक लिटरची तीन सिलिंडरवाली टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा असलेली) पेट्रोल आहे, मॅन्युअल गिअर, नवीन घेतलेली, आजपर्यंत सगळी सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपमधे, वेळेवर, स्टॅम्पसकट. रनिंग तीस हजाराच्या आसपास.

बाकी गाडी चांगली आहे हो, ते उरकून टाकतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना सीताबर्डीच्या सिग्नलला उभं राहूनही एसी कमी पडत नाही, आपल्याकडे ह्याच्यापेक्षा मोठी परीक्षा नाही. सस्पेन्शन मस्त. सिटीत १३-१४ देते, हायवेवर पाय सांभाळला तर १८. मागच्या सीटवर तिसरा माणूस बसला की तो रामटेकपर्यंत बोलत नाही. पिकअप तर विचारूच नका, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं म्हणा ना.

पहिल्या सर्व्हिसपर्यंत काही कळलं नाही. नंतर समृद्धीवरून एकदा जाऊन आल्यावर सवयीनं बोनेट उघडून ऑईल मोजायची काडी (डिपस्टिक) पाहिली तर ऑईल खालच्या, म्हणजे मिनिममच्या, भोकाला टेकलेलं. सर्व्हिस होऊन जेमतेम दीड-दोन हजार किलोमीटर झालेले. म्हटलं गाडी तिरपी उभी असेल, म्हणून सकाळी पार्किंगमधे सपाट जागी, इंजिन थंड, काडी पुसली, परत घातली, परत काढली, तेच. रात्रभर खाली कार्डबोर्ड टाकून ठेवला, एक थेंब नाही. म्हणजे गळत नाहीये, जाळून राहिली आहे. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काळी चिकट काजळी, कोरडी नाही. धूर मात्र डोळ्याला दिसेल असा अजिबात नाही, म्हणून बहुतेक लोकांना कळतच नाही. आजकालच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, थोडं थोडं ऑईल जळलं तर तो निळा धूर बराचसा गिळून टाकतो, आणि स्वतः हळूहळू खराब होतो, कारण ऑईलमधलं फॉस्फरस त्याच्या जाळीवर जाऊन बसतं. पीयूसी पास झाली म्हणजे इंजिन ठणठणीत, असं समजू नका.

वर्कशॉपमधे गेलो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पोरगा चांगला होता, बोलणं पण गोड.

"सर, टर्बो आहे ना, थोडं ऑईल तर खाणारच."

"थोडं म्हणजे किती?"

"सर, मॅन्युअलमधे लिहिलं आहे, हजाराला एक लिटरपर्यंत नॉर्मल."

मी म्हटलं दाखव. दाखवलं, खरंच लिहिलं आहे. आणि हे एकाच कंपनीचं नाही बरं, हजाराला अर्धा लिटर, एक लिटर अशी वाक्यं बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमधे सापडतात. आता जरा हिशोब करा. सर्व्हिस इंटरव्हल दहा हजार किलोमीटर. हजाराला एक लिटर नॉर्मल धरलं तर एका सर्व्हिसपासून दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत दहा लिटर ऑईल जळालं तरी कंपनीच्या लेखी सगळं ठीक. माझ्या इंजिनमधे एकूण ऑईल मावतं चार लिटरच्या आत. म्हणजे संपूर्ण इंजिन अडीच वेळा कोरडं होईल तरी नॉर्मल! हा आकडा इंजिनसाठी लिहिलेला नाहीच राजेहो, तो वॉरंटीच्या वकिलासाठी लिहिलेला आहे.

अजून एक हिशोब, हा मला स्वतःला फार मजेशीर वाटला. आमच्या बाबांची टू-स्ट्रोक स्कूटर होती, पेट्रोलपंपावर लिटरमागे वीस मिली ऑईल टाकून घ्यायचो, मागे निळा धूर, गल्लीला कळायचं बाबा आले. ती ऑईल जाळायचीच, तिचं डिझाईनच तसं. चाळीसचा अ‍ॅव्हरेज धरा, हजार किलोमीटरला पंचवीस लिटर पेट्रोल, म्हणजे अर्धा लिटर ऑईल. आणि आज बारा लाखाच्या, बीएस-६ वाल्या, फोर-स्ट्रोक गाडीनं त्याच्या दुप्पट जाळलं तरी ते नॉर्मल म्हणून सांगून राहिले. काहून बापा?

मग मी ऑईल कन्झम्पशन टेस्ट मागितली. हे नाव घेऊन मागावं लागतं, स्वतःहून कोणी सांगत नाही. ह्यात काय करतात, जुनं ऑईल काढून मोजून नवीन भरतात, किलोमीटर लिहून घेतात, ड्रेन बोल्टवर अन फिलर कॅपवर पेंटची खूण किंवा सील मारतात म्हणजे तुम्ही मधे काही टाकायचं नाही, आणि हजार किलोमीटरनंतर परत काढून मोजतात. पहिल्यांदा सील न लावताच गाडी देत होते, मी तिथंच उभं राहून लावून घेतलं, जॉब कार्डवर भरलेलं ऑईल मिलीमधे लिहायला लावलं. "मॅक्सपर्यंत भरले" असं लिहितात, त्याला काही अर्थ नाही, नंतर वाद घालायला जागा उरते. हजार किलोमीटर कुठे चालवायचे तर सोपं आहे, शिवमडक्याला समृद्धीवर चढायचं, शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर, जाऊन आलं की टेस्ट पण पूर्ण आणि बाबांचं दर्शन पण.

रिझल्ट आला ६४० मिली. कागदावर इंग्रजीत शेरा, "मर्यादेच्या आत", विषय संपला. टॉप-अपचे पैसे मात्र माझे. फुल सिंथेटिकचा लिटर आठशे-हजाराला पडतो, म्हणजे समृद्धीवर टोल वेगळा, पेट्रोल वेगळं आणि ऑईलचा टोल वेगळा.

आता ह्यावर मी जे शोधलं ते ऐका. अमेरिकेत टोयोटाच्या २००७ ते २००९ च्या कॅमरीतल्या २.४ लिटर इंजिनाची हीच बोंब होती. तिथे कंपनीनं शेवटी वॉरंटी वाढवून दिली, आणि टेस्टमधे १२०० मैलाला एक क्वार्टपेक्षा (लिटरला जरा कमी) जास्त ऑईल गेलं तर पिस्टन अन रिंगा फुकट बदलून दिल्या. त्याचा आपल्या भाषेत हिशोब केला तर हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर. म्हणजे माझी गाडी त्या टेस्टमधे सरळ नापास, आणि इथे पास. सुबारूनं पण तिथे २०१६ मधे कोर्टात सेटलमेंट करून ८ वर्षं किंवा १ लाख मैलाची वॉरंटी दिली, ऑडीच्या २.० टीएफएसआय टर्बो पेट्रोल इंजिनवाल्यांची तर वेगळीच रडकथा आहे. आपल्याकडे एकेकटा माणूस काउंटरवर भांडतो अन घरी येतो, म्हणून त्यांचं फावतं.

कामठी रोडला, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे चाचा म्हणतात, त्यांना गाडी दाखवली. इंजिन खोलायचं नाही हे आधीच सांगितलं, वॉरंटी आहे. त्यांनी फक्त प्लग काढले. तीनपैकी दोन प्लग कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे, जसे पाहिजेत तसे. तिसऱ्याच्या आट्यांमधे काळं ओलं ऑईल आणि टोकाला एका बाजूनं पांढुरकी राख चिकटलेली, नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला. मग कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो ते) घेतलं, तिन्ही सारखं. मी म्हटलं चला, रिंगा चांगल्या आहेत म्हणजे.

"नाही ना भाऊ. कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात. खालची जी ऑईलची रिंग आहे ती कॉम्प्रेशन धरतच नाही, तिचं काम फक्त ऑईल पुसायचं. ती चिकटली तरी तुमचा आकडा बरोबरच येणार."

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण वर्कशॉपवाले कॉम्प्रेशनचा रिपोर्ट दाखवून तुम्हाला घरी पाठवतात. पिस्टनला तीन रिंगा असतात, सगळ्यात खालची ऑईल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑईल ओढून पिस्टनच्या बारीक भोकांतून परत खाली पाठवते. मायलेज वाढावं म्हणून आजकाल ह्या रिंगांचं टेन्शन कमी ठेवतात, घर्षण कमी होतं. टर्बोमुळे पिस्टन जास्त तापतो, ऑईल जळून कार्बन होतो, भोकं बुजतात, रिंग खाचेत अडकते, मग पुसायचं काम बंद. जास्त ऑईल जळतं म्हणून अजून कार्बन, अजून कार्बन म्हणून अजून जळतं.

बाकीचे संशयितही पाहून झाले. व्हॉल्व्ह सील गेलं असतं तर रात्रभर उभी राहिल्यावर सकाळच्या पहिल्या स्टार्टला भक्कन निळा धूर आला असता, तो येत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी झडप) अडकला तरी ऑईलची वाफ सरळ इनटेकमधे ओढली जाते, तो स्वस्तातला संशयित आहे म्हणून आधी तोच पाहायचा, माझा वर्कशॉपनं बदलून पाहिला, फरक शून्य. टर्बोच्या पाईपमधे पण ऑईल साचलेलं नाही. त्यामुळे चाचांचं बोट रिंगेवरच. बाजारात त्या "ऑईलमधे टाका अन विसरा" वाल्या बाटल्या मिळतात, चाचा म्हणाले पैसे जास्त झाले असतील तर टाका.

वर्कशॉपचा दुसरा आवडता बहाणा म्हणजे नागपूरची गरमी. "सर, आपल्याकडे टेम्परेचर किती असतं, ऑईल उडणारच." हे मला पटत नाही. इंजिनमधे थर्मोस्टॅट असतो, कूलंटचा काटा मे महिन्यात जिथे असतो तिथेच डिसेंबरात असतो. उलट नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गाडी फक्त गावातल्या गावात, धरमपेठ ते मिहान फिरली तेव्हा ऑईल कमी गेलं, आणि थंडीत समृद्धीवर तासन् तास शंभर-एकशेवीसला ठेवली तेव्हा जास्त गेलं. म्हणजे बाहेरची गरमी नाही, सतत जास्त आरपीएमवर लोड घेऊन धावणं हे कारण. हजारचं छोटं इंजिन चार माणसं अन बॅगा घेऊन १२० नं नेता, त्याला टर्बो सतत फुंकत ठेवावा लागतो.

ग्रेडचं म्हणाल तर गाडीत ०डब्ल्यू-२० येतं. त्यातला ०डब्ल्यू हा आकडा, उणे ३५ डिग्रीच्या थंडीत इंजिन फिरवायच्या टेस्टवरून येतं, आपल्याकडे स्वेटर घालायला महिना मिळाला तरी नशीब. मॅन्युअलमधे ५डब्ल्यू-३० पण चालतं असं लिहिलेलं आहे, म्हणून पुढच्या सर्व्हिसला तेच टाकून घेतलं, बिलावर ग्रेड लिहून घेतला. फरक पडला, हजाराला साडेचारशे-पाचशेवर आलं. मायलेज अर्धा-पाऊण किलोमीटर कमी झालं असेल, मला चालेल. पण हा इलाज नाही, जाड ऑईल अडकलेल्या रिंगेतून जरा हळू जातं, एवढंच. मॅन्युअलमधे नसेल तर हे करू नका, वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं त्यांना.

आणि ते डॅशबोर्डवरचं लाल ऑईलचं चिन्ह, त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका. तो दिवा बऱ्याच गाड्यांमधे लेव्हलचा नाही, प्रेशरचा असतो. पंप हवा ओढायला लागला की लागतो, तोपर्यंत टर्बोचं बेअरिंग अन टायमिंग चेन कोरडी पळालेली असते. मी आता दर हजारला काडी पाहतो, लिटरचा डबा डिकीत असतो, फनेलसकट. बायको म्हणते स्टेपनीपेक्षा ह्याला जास्त जपता.

मित्राची डिझेल आहे, तो मला हसायचा. त्याच्या काडीवर ऑईल वाढून राहिलं होतं! बीएस-६ डिझेलला डीपीएफ (सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळी) साफ करायला जास्तीचं डिझेल मारतात, सिटीत छोट्या चकरा झाल्या की ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमधे उतरतं. आता दोघं मिळून काड्या पाहतो.

तक्रारीचं सध्या असं आहे की कंपनीच्या एरिया मॅनेजरला टेस्टचा रिपोर्ट, प्लगचे फोटो अन सगळी बिलं मेल केली. फोनवर काहीच बोलत नाही, सगळं मेलवर. त्यांनी दुसरी टेस्ट करू म्हटलं आहे, बोरोस्कोप (बारीक कॅमेरा) टाकून सिलिंडर पण पाहतो म्हणाले. नाही जमलं तर १९१५ ची ग्राहक हेल्पलाईन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे, १० ते २० लाखाच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये लागते, ऑनलाईन पण भरता येते, फक्त कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. कागद तयार आहेत.

घ्यावी का ही गाडी, तर सिटीत महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला कदाचित कधी कळणारही नाही. दर आठवड्याला समृद्धी करणाऱ्यानं सरळ मोठं नॉन-टर्बो इंजिन घ्यावं. आणि असली टर्बो सेकंड हँड पाहायला जाल तर मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी यायच्या आधी चालू करायची नाही, बोनेटवर हात ठेवून पाहा गार आहे का, प्लग काढू देतो का विचारा, आणि टॉप-अपची बिलं मागा. काडी मॅक्सच्या वर चकचकीत भरलेली असेल अन ऑईल मधासारखं कोरं, तर कालच टाकलेलं आहे असं समजा.