साखर कंपन्यांचे जुने रोखे आणि पॉलिएस्टर पाकिटांचा अल्बम : आठ महिन्यांनंतर

आधी माझे सगळे रोखे (कंपनीने कर्ज घेताना दिलेले छापील कागद) पीव्हीसीच्या साध्या फोल्डरमध्ये होते. दमट हवेत एकाची हिरवी नक्षीदार किनार प्लॅस्टिकला चिकटली आणि सोडवताना शाईचा पापुद्रा तिकडेच राहिला. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन हळूहळू बाहेर पडतं आणि शाईला नडतं, हे तेव्हा कळलं. अक्कलखाती जमा! मग हा रिंगांचा मोठा अल्बम घेतला. आठ महिन्यांत काही चिकटलं नाही, वासही नाही. पाकीट काचेसारखं स्वच्छ असल्यामुळे तिरक्या उजेडात कोरीव छपाईची उठावदार रेघ न् रेघ दिसते. ही छपाई नक्कल करायला अवघड, म्हणूनच रोख्यांसाठी वापरत.

तक्रार आहे ती कूपनांची. जुना रोखा म्हणजे नुसतं चित्राचं पान नव्हे. त्याला कूपनांचा तक्ता जोडलेला असतो. व्याजाची तारीख आली की एक कूपन कापायचं आणि पैसे घ्यायचे. क्यूबा केन शुगर कॉर्पोरेशन ही 1915 ची कंपनी. 1920 मध्ये तिने 7 टक्क्यांचे, 1930 ला फिटणारे रोखे काढले. त्याच वर्षी मे महिन्यात कच्ची साखर पौंडाला साडेबावीस सेंटवर गेली आणि डिसेंबरात चार सेंटच्याही खाली आली. मुदत भरायच्या सुमारास कंपनीचीच फेररचना करावी लागली. असा रोखा हातात आला की मी आधी चित्र पाहत नाही, किती कूपनं कापली गेली ते मोजतो. आणि नेमका तोच तक्ता या पाकिटात मावत नाही! दुमडून घालावा लागतो. शंभर वर्षांची घडी आधीच विरलेली, त्यात पुन्हा मोडायची म्हणजे जिवावर येतं. (चिकटपट्टी लावायचा मोह तर अजिबात नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो.)

बाकी किरकोळ. पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते, धूळ ओढली जाते. रोखा आत सरकवण्याआधी पाकीट मऊ कापडाने पुसतो. रद्द केल्याची भोकं असलेला रोखा मात्र सावकाश घालावा, भोकाची कड अडकते. अल्बम भरला की जड होतो, उभा ठेवला तर पानं खाली ओढली जातात. माझा आडवाच असतो.

पाचपैकी साडेतीन. लांब तक्त्याचे चार रोखे मी अल्बमबाहेरच, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेटीत सपाट ठेवलेत.