उजनीतली पक्षी बघायची बोट, केत्तूर साईडनं. इंजिन बंद करणाऱ्या काकांना चार स्टार

फ्लेमिंगो बघायचे म्हणलं की सगळे सरळ भिगवणला पळतात, पण तोच उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागं पसरलेलं पाणी, आपल्या सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातपण आहे आणि तिकडं गर्दी निम्मीपण नाही. फेब्रुवारीत बहीण आणि भाच्याला घेऊन गेलो. पारेवाडी स्टेशनजवळ केत्तूर, तिथल्या एका मच्छीमार काकांची बोट आधी फोन करून ठरवलेली. दीड तासाचे पूर्ण बोटीचे 1200 घेतले, माणशी नाही, आणि दीड तासाचे अडीच तास झाले तरी एक रुपया जास्त मागितला नाही.

सहाला पाण्यात उतरलो, थंडी चांगलीच होती. आता फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित. धरणाचं पाणी उतरायला लागलं की काठाला चिखल उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात ते चोच उलटी घालून चरतात, म्हणून धरण काठोकाठ भरलेलं असताना गेलात तर हात हलवत परत याल. आम्हाला दीडएकशे दिसले असतील. काकांनी लांबूनच इंजिन बंद केलं, बांबू घेतला आणि बोट नुसती सरकू दिली, मी म्हणलं काका अजून थोडं जवळ घ्या की फोटोला, तर म्हणाले, "दादा, उडवून फोटो मिळतोय पण त्यांची न्याहारी जातीय." तेवढ्यात दुसरी एक बोट मोठ्यानं गाणी लावून सरळ थव्यात घुसली आणि सगळा थवा उठला. बोटीतले लोक टाळ्या वाजवत होते. मला खरंच वाईट वाटलं, एवढ्या लांबनं येतात ते पक्षी, त्यांना सकाळचं दोन तास निवांत खाऊ द्यायला काय जातंय आपलं?

पण मी हा रिव्ह्यू लिहितोय तो फ्लेमिंगोसाठी नाही, पाणमांजरांसाठी. परत फिरताना काकांनी एका खडकाजवळ बोट थांबवली, खडकावर पांढरट विष्ठा पडलेली, सगळी माशांच्या खवल्यांनी भरलेली, वास असा की बहिणीनं पदर नाकाला लावला. काका म्हणाले कोण बोलू नका, बसा. आम्ही वीसएक मिनिटं बसलो, भाचा नववीत आहे पण त्यानं मोबाईलसुद्धा काढला नाही. आणि मग पाण्यात तीन चपटी डोकी, मिशा, एकामागं एक. एक जण खडकावर चढला, अंगावरची लव ओली होऊन नुसती चकाकत होती, पुढच्या दोन्ही पंजात चिलापी धरलेली, आणि त्यानं डोक्याकडनं खायला सुरुवात केली, ते कडाकडा चावल्याचा आवाज आम्हाला बोटीत ऐकू येत होता!! भाचा हळूच म्हणाला मामा ऊदमांजर. ते नाही हां, ऊदमांजर झाडावर चढतं, हे पाण्यातलं, कुटुंबानं राहतं. काका म्हणाले जाळी फाडतात, वैताग येतो, पण पाण्यावर पहिला हक्क त्यांचाच.

वैताग काकांना दुसऱ्याच प्राण्याचा जास्त आहे. त्यांनी जाळ्यात सापडलेला एक सकर मासा दाखवला, अंगावर खवले नाहीत, चिलखतासारख्या कडक पट्ट्या, तपकिरी ठिपके, तोंड खालच्या बाजूला. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपण काच साफ करायला म्हणून फिशटँकमध्ये आणतो, मोठा झाला की नदीत नाहीतर तळ्यात सोडून देतो, आणि तो तिथं वाढतो. काट्यांनी जाळं फाटतं आणि बाजारात कोण घेत नाही. भाच्याच्या टँकमध्ये हाच मासा आहे, तो काही न बोलता बघत बसला. कृपा करून कुणीही हा मासा सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्याला, कॅनॉलला, कुठंच सोडू नका, दुकानदाराला परत द्या.

आता एक स्टार का कापला. लाईफ जॅकेट. आम्ही तिघं आणि काका, जॅकेटं तीन, त्यातल्या एकाचा बक्कल तुटलेला, तो सुतळीनं बांधला. 2024 च्या मे महिन्यात याच फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले, ते सगळ्यांना माहितीय. काकांना तोंडावरच सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या वेळी नवीन आणतो म्हणाले. तोपर्यंत लहान पोरं असतील तर स्वतःचं जॅकेट घेऊन जा, आणि वारं सुटलं असेल तर सरळ कॅन्सल करा, पैसे गेले तरी चालतील.

बाकी, दुर्बीण असेल तर न्या, काकांकडं नाहीये. काठाला टॉयलेटची सोय नाही, बायकांना त्रास होतो, स्टेशनलाच उरकून घ्या. चहा काकूंनी घरनं पाठवलेला, गुळाचा, त्याचे पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. मी मार्चमध्ये परत जाणार आहे, आईला घेऊन, तिला पाणमांजर बघायचंय.